घरात वेल्डिंग मशीन हवं का?

फाटकाची बिजागरी निखळली, गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडचा अँगल सुटला किंवा कुंड्यांच्या स्टँडचा पाय मोडला, की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "वेल्डिंगवाल्याला बोलवा." बोलावणं सोपं, त्याचं येणं अवघड. यात त्याचा दोष फारसा नाही. त्याच्याकडे एखाद्या इमारतीच्या ग्रिलचं काम चालू असतं आणि तुमच्या बिजागरीला लागणार असतात दोन टाके. त्यासाठी त्यानं जड मशीन टेम्पोत चढवायचं, एक पोरगा सोबत घ्यायचा, तुमच्या मीटरपाशी वायर अडकवायची, दहा मिनिटांत काम उरकायचं आणि पुन्हा सगळं चढवायचं. या फेरीचे दोनशे रुपये घेतले तर त्याला परवडत नाही, आठशे मागितले तर तुम्हाला पटत नाही. मग तो "उद्या येतो" म्हणतो आणि बिजागरी पावसाळाभर तारेनं बांधलेली राहते.

नेमक्या अशा वेळी हार्डवेअरच्या दुकानात किंवा मोबाइलच्या पडद्यावर ते छोटं मशीन दिसतं. एका हातानं उचलता येईल असं, चार-पाच किलोचं, खांद्याला अडकवायला पट्टा असलेलं. किंमत साधारण पाच-सहा हजार. त्यावर मोठ्या अक्षरांत '२००' किंवा '२५०' छापलेलं असतं. वेल्डिंगवाल्याच्या चार-पाच फेऱ्या वाचल्या तरी निम्मे पैसे वसूल, असा हिशोब मनात चटकन होतो. तो हिशोब कुठे बरोबर आहे आणि कुठे फसतो, ते या प्रकरणात पाहू.

आधी या मशीनबद्दलचा एक गैरसमज काढून टाकू. 'इतकं हलकं आणि इतकं स्वस्त म्हणजे खेळणंच असणार' असं जुने लोक म्हणतात. त्यांच्या डोळ्यांसमोर असतं ते चाकांवरचं, तांब्याच्या वेटोळ्यांनी भरलेलं अवजड मशीन, दोन फेजवर चालणारं आणि चालू असताना घुमणारं. ते मशीन म्हणजे मुळात एक ट्रान्सफॉर्मर. वेल्डिंगला व्होल्टेज कमी लागतं, वीस-पंचवीस व्होल्ट, पण विद्युतप्रवाह मात्र शंभर-दीडशे अँपिअर लागतो. लाइनच्या जास्त व्होल्टेजचं हे रूपांतर ट्रान्सफॉर्मर करतो. आपली वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन करते, म्हणजे प्रत्येक आवर्तनात बरीच ऊर्जा पलीकडे पोचवावी लागते आणि त्यासाठी लोखंडाचा गाभा मोठा लागतो. विहिरीवरून सेकंदाला पन्नासच खेपा करायच्या असतील तर घागर मोठी हवी. हजारो खेपा करता आल्या तर तांब्याही पुरतो. नवं इन्व्हर्टर मशीन हेच करतं. ते घरातल्या विजेची आधी एकदिश वीज करतं, मग आयजीबीटी नावाच्या अर्धवाहक स्विचनं ती सेकंदाला हजारो वेळा तोडतं आणि मग ती एका छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतं. गाभा मुठीएवढा झाला, तांबं गेलं, वजन गेलं आणि किंमतही उतरली. शेवटी पुन्हा एकदिश होऊन येणारी ही वीज जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या उलटसुलट विजेपेक्षा शांत चालते. रॉड पेटवणं आणि चाप, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यामधला विजेचा झोत, टिकवणं नवख्याला त्यामुळे सोपं जातं. स्वस्त मशीन चांगलं वेल्डिंग करू शकतं, याबद्दल शंका नको.

शंका घ्यायची असेल तर खोक्यावरच्या त्या '२००' आकड्यावर घ्या. तो आकडा कमाल प्रवाहाचा असतो. बिननावाच्या मशीनमध्ये तो बऱ्याचदा मशीनचा नसून विक्रेत्याचा असतो. पण तो खरा असला तरी तुमच्या घरात त्याचा उपयोग नाही. का, ते एका छोट्या गणितानं कळेल.

रॉडच्या वेल्डिंगमध्ये चापाचं व्होल्टेज साधारण असं धरतात: २० व्होल्ट, अधिक प्रवाहाच्या चार टक्के. ८० अँपिअरवर काम करायचं तर ते २३ व्होल्टच्या आसपास येतं. दोन्हींचा गुणाकार होतो सुमारे १,८५० वॅट. मशीनमध्ये थोडी वीज वाया जाते. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर लाइनमधून सुमारे २,२०० वॅट घ्यावे लागतात. शिवाय स्वस्त इन्व्हर्टर लाइनमधून वीज सलग न ओढता झटक्याझटक्यानं ओढतात, म्हणजे त्यांचा पॉवर फॅक्टर ०.७ च्या आसपास असतो. हे सगळं जमेस धरलं, की २३० व्होल्टच्या लाइनवर हे मशीन १३ ते १४ अँपिअर खेचतं. २ किलोवॅटचा गीझर साधारण ९ अँपिअर घेतो. म्हणजे ८० अँपिअरचं वेल्डिंग हा दीड गीझरचा भार झाला. आता १०० अँपिअरवर जा. त्याच हिशोबानं लाइनमधला प्रवाह १७ अँपिअरच्या वर जातो. घरातलं मोठं सॉकेट असतं १६ अँपिअरचं. २०० अँपिअरचा तर विचारही नको.

तेव्हा घरगुती वेल्डरचं खरं राज्य ४० ते ९० अँपिअर एवढंच. ही मर्यादा तुमच्या भिंतीतल्या वायरिंगची आहे. पाच हजारांचं मशीन घ्या किंवा पंचवीस हजारांचं, ती फारशी बदलत नाही. '२००' ऐवजी '२५०' घेऊन जास्तीचे पैसे देणाऱ्यानं हा हिशोब एकदा करावा.

याच गणितातून आणखी दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे साधं ६ अँपिअरचं सॉकेट, मल्टिप्लग आणि गणपतीच्या मांडवाला वापरलेली बारीक एक्स्टेन्शन वायर वेल्डिंगसाठी बाद. पाऊण चौरस मिलिमीटरच्या ३० मीटर वायरीतून १४ अँपिअर गेले तर २० व्होल्ट वायरीतच मरतात आणि जवळपास ३०० वॅटची उष्णता त्या वायरीत तयार होते. वायर गुंडाळलेली असेल तर ती वितळायला फार वेळ लागत नाही. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली तर हीच घट ६ व्होल्टवर येते. दुसरी गोष्ट गावाकडच्या लोकांसाठी. संध्याकाळी व्होल्टेज १८० वर उतरलं, की तेवढंच काम करायला मशीन लाइनमधून जास्त प्रवाह ओढतं. मघाचे १३-१४ अँपिअर १७ च्या पुढे जातात. काही मशीनं अशा वेळी बंद पडतात, काही गप्प बसून तापतात. मशीन घेताना किमान किती व्होल्टवर ते चालतं, हे माहितीच्या पट्टीवर पाहावं. वीज गेल्यावर घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर वेल्डिंग करून पाहण्याचा मोह मात्र कुणी धरू नये.

वीजबिलाची काळजी नको. अडीच मिलिमीटरचा एक रॉड साधारण मिनिटभरात संपतो. असे दहा रॉड जाळले तरी अर्धं युनिट होत नाही.

मशीनच्या पट्टीवर 'ड्यूटी सायकल' नावाचा एक आकडा असतो आणि जाहिरातीत त्यावर बरीच चर्चा असते. १०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांतली सहा मिनिटं सलग चाप चालवता येतो, मग चार मिनिटं विश्रांती. घरगुती माणसाला याचा काच फारसा नाही. एक टाका मारायचा, खपली काढायची, वाकून पाहायचं, मनातल्या मनात शिवी द्यायची आणि पुन्हा बसायचं, यात मशीनला विश्रांती आपोआप मिळते. विदर्भात मे महिन्यात गच्चीवर काम करणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवावं, की हे आकडे ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी दिलेले असतात.

आता घरात जे तुटतं ते कशाचं असतं ते पाहू, कारण निर्णय इथे होतो.

फाटक, कंपाउंडचे अँगल, शेताच्या बैलगाडीची वा ट्रॉलीची पट्टी, कुदळीची कडी, या गोष्टी तीन-चार मिलिमीटर किंवा त्याहून जाड साध्या पोलादाच्या असतात. अडीच मिलिमीटरचा, म्हणजे दुकानात ज्याला १२ नंबर म्हणतात तो रॉड लावा, ७० ते ८५ अँपिअर ठेवा, काम होतं. जाड वस्तू चुका पोटात घेते. नवख्यानं सुरुवात इथूनच करावी.

पण शहरी घरातलं लोखंड असं नसतं. कपडे वाळवायचा स्टँड, कूलरची गाडी, फोल्डिंगचा पलंग, बुटांचं रॅक, हे सगळं १८ नाहीतर २० गेजच्या पाइपाचं असतं. १८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर, २० गेज म्हणजे ०.९. चापाचं तापमान पाच-सहा हजार अंश सेल्सिअसच्या घरात असतं आणि पोलाद १,५०० अंशांच्या आसपास वितळतं. एवढ्या पातळ पत्र्यावर क्षणभर जास्त रेंगाळलं, की भोक पडतं. ते बुजवायला गेलं की मोठं होतं. दोन मिलिमीटरचा (१४ नंबर) रॉड, ४०-४५ अँपिअर, होल्डर ऋण टोकाला, आणि सलग ओढायच्या ऐवजी एकेक ठिपका देत जायचं, असं सगळं जमवलं तर जमतं. पण हे काम सरावाचा माणूसही जपून करतो. आणि गंमत अशी, की ज्याच्या घरी फक्त पातळ लोखंडच आहे त्यालाच हे मशीन घ्यायची सगळ्यात जास्त हौस असते. पातळ पत्र्यासाठी रॉडपेक्षा पोटात फ्लक्स भरलेल्या बारीक तारेचं, गॅस न लागणारं मिग मशीन सोयीचं. ते महाग असतं, तार जपावी लागते, आणि रॉडसारखं आठ महिने कोपऱ्यात पडून राहून नवव्या महिन्यात निमूट चालू होईलच असं नाही.

काही धातूंना या मशीननं हातच लावू नये. जुन्या शिलाई मशीनचे पाय, पंपाची बॉडी, हापशाचं डोकं हे बिडाचं असतं. बिडात दोन ते चार टक्के कार्बन असतो. साध्या रॉडनं जोडलं तर टाका थंड होताहोताच बाजूला तडा जातो. त्याचे निकेलचे रॉड वेगळे, महाग, आणि ते वापरायची रीतही वेगळी. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा असतो. तो २,००० अंशांवर वितळतो आणि आतला धातू ६६० वरच पाणी होतो. म्हणून त्यासाठी वेगळंच यंत्र लागतं. कमानपाट्यापासून केलेला कोयता किंवा विळा वेल्ड होतो खरा, पण टाक्याशेजारचा पट्टा ठिसूळ होतो आणि पुढे कधीतरी, नेमक्या जोराच्या घावाला, तिथेच तुटतो.

रॉडबद्दल दोन शब्द. रॉड म्हणजे नुसती सळई नव्हे. तिच्यावरचं लेपन ही त्यातली अर्धी विद्या आहे. रशियात निकोलाय बेनार्दोस यांनी १८८० च्या दशकात कार्बनच्या कांडीनं विद्युत चाप पेटवून धातू जोडला, मग त्यांच्याच देशातल्या स्लाव्यानोव्ह यांनी कार्बनऐवजी वितळणारी धातूची कांडी वापरली. पण उघडी कांडी वितळताना हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषते आणि टाका ठिसूळ होतो. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी कांडीला लेप द्यायची युक्ती काढली. लेप जळून वायूचं आवरण तयार होतं आणि उरलेला भाग खपली होऊन तापलेल्या टाक्यावर पांघरुणासारखा बसतो. शेलबर्ग यांनी १९०४ मध्ये स्थापन केलेली एसाब ही कंपनी आजही वेल्डिंगचंच सामान बनवते. घरासाठी ई६०१३ वर्गाचा रॉड पुरे. तो सहज पेटतो, थोडा गंज आणि थोडी ओल सहन करतो. ई७०१८ चा टाका जास्त मजबूत असतो म्हणून हौशी लोक तो घेतात, पण तो कोरडा राहावा म्हणून भट्टीत तापवून ठेवावा लागतो. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या पाकिटातला ७०१८ वापरणं म्हणजे पैसे देऊन भेगा विकत घेणं. ६०१३ सुद्धा झाकणाच्या घट्ट डब्यात ठेवावा.

हात बसायला किती वेळ लागतो? पहिल्या दिवशी रॉड चिकटतो. ओढला तर लेप तडकतो, नाही ओढला तर रॉड लाल होतो. नव्या मशीनमध्ये चिकटल्यावर प्रवाह आपोआप पाडायची सोय असते, तिचा उपयोग होतो. रॉडचं टोक आणि लोखंड यांत रॉडच्या जाडीएवढंच अंतर ठेवायचं आणि रॉड जळून आखूड होत जाईल तसा हात खाली न्यायचा, एवढंच खरं तर शिकायचं असतं. अंतर बरोबर असलं की आवाज सलग येतो. वाढलं की तो फुटका होतो आणि थेंब उडतात. बहुतेक जण डोळे चापाच्या झगमगाटावर ठेवतात; पाहायचं असतं ते त्यामागच्या वितळलेल्या डबक्याकडे. भंगारवाल्याकडून किलोवर घेतलेल्या पट्ट्यांवर एक-दोन पाकिटं रॉड जाळले, की फाटकाला हात लावण्याइतकी तयारी होते. टाका वरून छान दिसतो आणि आत नुसती खपली असते, हे मात्र सगळ्यांच्या बाबतीत होतं. म्हणून सरावाचे तुकडे शिकंज्यात धरून हातोड्यानं मोडून पाहा. टाक्यातून सुटले तर अजून सराव हवा. पट्टी वाकली पण टाका टिकला तर ठीक. आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो. आपल्याला तेवढं नको, पण त्या वर्षात मुलं काय शिकतात याचा मान ठेवला, की आपली मर्यादा आपोआप कळते.

आता डोळे. रस्त्याकडेला ग्रिलचं काम चालू असलं की लहान मुलं टक लावून पाहत उभी राहतात आणि आपण त्यांना हटकत नाही. चापातून निघणारे अतिनील किरण डोळ्याच्या पारदर्शक पटलाला अक्षरशः भाजतात. त्या क्षणी काही वाटत नाही. दुखणं सुरू होतं काही तासांनी, बहुतेकदा रात्री. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. एक-दोन दिवसांत बहुधा उतरतं, पण तेव्हा बटाट्याच्या चकत्या ठेवत बसण्यापेक्षा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. वेल्डिंगवाले जो काळा चष्मा लावून बसतात तो तुमच्यासाठी नाही. त्यात चेहरा आणि मान उघडी राहते, काचेचा दर्जा कुणाला ठाऊक नसतो. हजार-दीड हजारात आपोआप अंधारणारं हेल्मेट मिळतं. ८०-९० अँपिअरला १० नंबरची छटा ठेवावी. चांगल्या हेल्मेटची काच उजळ असतानाही अतिनील किरण अडवते. उन्हाकडे धरल्यावर ती अंधारली तर सेन्सर चालू आहे, एवढी खात्री तरी कामाआधी होते. आणि घरातली माणसं, मुलं, कुत्रं यांना आडोशापलीकडे पाठवावं. हेल्मेट एकाच डोक्यावर असतं.

जीआयचा पाइप किंवा पत्रा जोडायचा असेल तर त्यावरचं जस्त आधी घासून काढायला हवं. जस्त ९०७ अंशांवर उकळतं, म्हणजे पोलाद वितळायच्या कितीतरी आधी त्याची वाफ होते आणि हवेत त्याचा पांढरा धूर बनतो. तो छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते. मलेरियाची शंका येऊन रक्त तपासायला जाणारे असतात. ताप एक-दोन दिवसांत जातो, पण बंद गॅरेजमध्ये हे करू नये. साधा वेल्डिंगचा धूरही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला, खात्रीनं कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. वर्षातून चार वेळा अंगणात काम करणाऱ्याचा धोका रोज दुकानात बसणाऱ्यापेक्षा अर्थातच फार कमी, तरी वाऱ्याची दिशा पाहून बसायला काही लागत नाही.

रॉड पेटलेला नसताना होल्डर आणि क्लॅम्प यांच्यामध्ये ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला, कोरड्या हातमोज्यात ते जाणवत नाहीत. पावसाळ्यात, घामानं भिजलेल्या शर्टात, ओल्या फरशीवर अनवाणी बसून रॉड बदलणाऱ्याची गोष्ट वेगळी. चामड्याचे बूट, सुती कपडे, पायाखाली कोरडी फळी. सिंथेटिक कपड्यावर ठिणगी पडली तर तो वितळून कातडीला चिकटतो. जुन्या घरांत तीन पिनच्या सॉकेटमधलं अर्थिंगचं भोक नुसतं शोभेचं असतं. इलेक्ट्रिशियनकडून ते एकदा तपासून घेतल्याशिवाय मशीन लावू नये.

बाकी नियम थोडके आहेत आणि त्यांना अपवाद नाही. पेट्रोलची टाकी, तेलाचा किंवा थिनरचा रिकामा डबा, बंद ड्रम यांना कधीही टाका मारायचा नाही. रिकाम्या टाकीत उरलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. प्रेशर कुकर, गॅसची शेगडी, गीझरची टाकी यांनाही नाही. गाडीवर काही जोडायचं तर आधी बॅटरी सोडवायची. ज्या टाक्यावर माणसाचा जीव लटकणार आहे, म्हणजे झोपाळ्याची कडी, गच्चीचं रेलिंग, शिडी, दुचाकीची चौकट, जॅक, सरकतं जड फाटक, ते काम सराईताचंच. फाटकाची बिजागरी आणि सरकत्या फाटकाचा रोखणारा स्टॉपर दिसायला सारख्याच किरकोळ वस्तू. पण दुसरी तुटली तर आख्खं फाटक माणसावर कोसळतं.

मशीन स्वस्त असल्यानं ते मरतं का? मरतं, पण बहुधा वेल्डिंगनं मरत नाही. शेजारी ग्राइंडर चालू असतो, मशीनचा पंखा हवा ओढतो, हवेबरोबर लोखंडाचा भुगा आत जाऊन सर्किटवर बसतो, आणि पहिल्या दमट दिवशी त्यातून वीज वाट काढते. कधी एखादी पालही तेच काम करते. ग्राइंडर दूर, वाऱ्याच्या दिशेनं पलीकडे ठेवावा; मशीन पावसाळ्यात बंद खोक्यात ठेवावं. उघडून साफ करायचा उत्साह नको, आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. विकत घेताना मशीनच्या अंगावरच्या दिव्यांपेक्षा वायरी पाहाव्यात. स्वस्त मशीनसोबत येणाऱ्या वायरी आखूड आणि तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या असतात, क्लॅम्पची स्प्रिंग लेची असते. रॉड नीट पेटत नाही म्हणून लोक मशीनला दोष देतात आणि खोट क्लॅम्पमध्ये असते. मुंबईतली नागदेवी किंवा आपापल्या गावातली हार्डवेअरची पेठ, जिथे विकणारा मशीन लावून एक रॉड जाळू देईल आणि बिघडल्यावर परत घेईल, तिथून दोन पैसे जास्त देऊन घेतलेलं बरं.

आता पुन्हा पैशांकडे येऊ. मशीन पाच-सहा हजार. हेल्मेट हजार-दीड हजार. ग्राइंडर दोन-अडीच हजार. तो नसेल तर गंज निघणार नाही, रंग निघणार नाही, वाकडा टाका घासता येणार नाही. त्याची जाळी काढून वापरायची आपल्याकडे पद्धत आहे, ती मोडावी. मिनिटाला अकरा हजार फेरे घेणारी चकती फुटली तर हेल्मेटचाही उपयोग होत नाही. हातमोजे, चिपिंग हातोडी, तारेचा ब्रश, गुण्या, दोन शिकंजे, रॉड, रेडऑक्साइड यांचे आणखी दीड हजार. सगळं मिळून दहा-अकरा हजारांवर जातं. एका कामामागे पाचशे वाचले असं धरलं तर वीस कामांनंतर बरोबरी होते. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये वेल्डिंगची वीस कामं निघायला एक पिढी जाईल. शिवाय सोसायटीच्या बाल्कनीतून खाली ठिणग्या पाडल्याबद्दल जे ऐकून घ्यावं लागेल त्याची किंमत वेगळी.

फ्लॅटवाल्यासाठी साधा उपाय आहे. मोडकी वस्तू शक्य असेल तर नट सोडवून दुकानात न्यावी. वेल्डिंगवाल्याला यायला वेळ नसतो, पण दारात आलेल्या वस्तूला चालू कामातच दोन टाके मारून द्यायला तो कुरकुरत नाही. पातळ पाइपाचा स्टँड तर ड्रिलनं भोक पाडून, आतून पट्टी सरकवून नट-बोल्टनं जोडला की नवख्याच्या वेल्डिंगपेक्षा जास्त टिकतो. त्या पैशांत चांगला ड्रिल घेतला तर तो घरात वर्षभर वापरला जाईल. एकदाच मोठं काम असेल तर बऱ्याच गावांत मशीन दिवसाच्या भाड्यानं मिळतं.

उलट ज्याचं स्वतःचं अंगण आहे, वाडी किंवा शेत आहे, जनावरांचा गोठा आहे, आणि जवळचा वेल्डिंगवाला दहा-बारा किलोमीटरवर आहे, त्यानं फार विचार करू नये. त्याच्याकडचं लोखंड जाड असतं, दर हंगामात काहीतरी मोडतं, आणि मोडतं ते नेमकं पेरणीच्या किंवा तोडणीच्या घाईत. त्याच्यासाठी स्वस्त इन्व्हर्टर मशीन एक-दोन हंगामांत फिटतं. फक्त हेल्मेट, वायर आणि अर्थिंग यांवर काटकसर करू नये. करायचीच असेल तर '२५०' ऐवजी '१६०' च्या मशीनवर करावी.

हात बसला की शेजारी आपापली फाटकं घेऊन येतील. चहावर काम करून द्यायला हरकत नाही. पैसे घेऊन करायला लागलात, तर घरगुती जोडणीवर व्यवसाय केल्याचं ते प्रकरण होतं. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार मंजूर प्रयोजनाखेरीज वेगळ्या कामासाठी वीज वापरणं हा अनधिकृत वापर आहे आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. शेतीपंपाच्या जोडणीचं प्रयोजनही तसंच ठरलेलं असतं. तो विचार असेल तर आधी महावितरणकडून वेगळी जोडणी घ्या.